कृष्णाकाठचा ग्रंथठेवा

मंडी मोहल्ल्यातील आमच्या मंडळाच्या जागेत दाराच्या डाव्या हातास एक लाकडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात गणेशोत्सवाची समई, तबके आणि आरास ठेवलेली असते, वरच्या दोन कप्प्यांत मराठी पुस्तके. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही ते कपाट प्रथमच संपूर्ण रिकामे केले. मंडळाच्या पहिल्या काही वर्षांचे इतिवृत्त त्यात असेल अशी आमची खात्री होती. वही सापडली, पण वाळवीने तिची आतली पाने खाऊन केवळ पुठ्ठा शिल्लक ठेवला होता. स्थापनेच्या सभेस कोण कोण उपस्थित होते, पहिली वर्गणी किती ठरली, हे आता दोघा-तिघा वयोवृद्धांच्या आठवणीवर अवलंबून आहे, आणि त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. त्याच कप्प्यात 'कृष्णाकाठ'ची एक जुनी प्रत मात्र सुस्थितीत मिळाली. मुखपृष्ठ सैल झालेले, कोपरे दुमडलेले. म्हणजे ती पुष्कळांनी वाचली असावी.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचे हे आत्मचरित्र. स्मरणिकेत कोणा एका थोर पुरुषाचे चरित्र असावे असा संकेत आहे, आणि आमच्यापुढे नावे अनेक होती. तथापि ही प्रत हाती आल्यावर निवडीचा प्रश्न उरला नाही. अशोक रस्त्यावरील सराफ पेढ्यांच्या आधाराने सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी आमची बहुतेक घराणी विटे, खानापूर, आटपाडी, तासगाव या टापूतून आलेली. यशवंतरावांचे घराणे मूळ विट्याचेच. ज्या कोरडवाहू मातीने आमच्या आजोबांना मुसे आणि भाता घेऊन परमुलखात धाडले, त्याच मातीत हा पुरुष निपजला.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे आजोळी झाला. देवराष्ट्रे त्या काळी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोडते. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव चार-पाच वर्षांचे असतानाच प्लेगच्या साथीने वडिलांना नेले. मातोश्री विठाबाई निरक्षर होत्या. पदरी चार मुले, शेती नाममात्र. थोरले बंधू ज्ञानोबा यांना वडिलांच्या जागी न्यायालयात नोकरी लागली आणि कुटुंब कराडला स्थिरावले. गरिबीची वर्णने चरित्रकारांना प्रिय असतात. यशवंतरावांनी स्वतः मात्र ती फार आळवली नाहीत. आईच्या कष्टांविषयी ते विस्ताराने लिहितात, स्वतःच्या उपासांविषयी ओझरते.

कराडच्या टिळक हायस्कुलातील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तुम्ही पुढे कोण होणार, असे शिक्षकांनी वर्गाला लिहावयास सांगितले. कोणी टिळक होणार होते, कोणी आणखी कोणी. या मुलाने कागदावर स्वतःचेच नाव लिहिले. त्यात अहंकार होता की निरागसपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांस वाटते, ज्या मुलाच्या घरी मागे सांगण्यासारखे नाव नाही त्याला दुसरे उत्तर सुचण्याजोगे नव्हते.

२६ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी त्याच शाळेत तिरंगा फडकावला आणि त्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. शाळकरी वयात घडलेला हा तुरुंगवास त्यांचे खरे विद्यापीठ ठरला. येरवड्यास आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी अशा माणसांचा सहवास लाभला. राजकारण, समाजवाद, संस्कृत काव्य, सर्वच विषयांवर तेथे वाचन आणि चर्चा चाले. एका विधवेचा मुलगा, ज्याच्या घरी पुस्तक म्हणून काही नव्हते, तो तुरुंगातून बाहेर आला तो वाचनाचे व्यसन घेऊन. पुढे बावन्न वर्षे ते सुटले नाही. आगगाडीत, विमानात, दौऱ्यावरील विश्रामगृहात त्यांच्या उशाशी पुस्तक असे, आणि वाचलेले पुस्तक त्यांच्या संग्रहात जमा होई. आमच्या या लेखाचा विषय असलेल्या ग्रंथालयाचा पाया येरवड्याच्या बराकीत घातला गेला असे म्हणावयास हरकत नाही.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ साली ते बी. ए. झाले, १९४१ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. मधल्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याशी जडलेला स्नेह याच दिवसांतला. महायुद्धाच्या प्रश्नावर रॉय आणि काँग्रेस यांच्या वाटा निराळ्या झाल्या तेव्हा यशवंतराव काँग्रेसबरोबर राहिले.

२ जून १९४२ रोजी फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताई त्यांच्या पत्नी झाल्या. दोन महिन्यांत 'चले जाव'चा लढा सुरू झाला आणि नवरदेव भूमिगत झाले. संसार असा मांडलाच गेला नव्हता. १९४३ च्या संक्रांतीला, लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला, पोलिसांनी वेणूताईंना पकडून नेले. पती सापडत नाही म्हणून पत्नीला काही आठवडे तुरुंगात राहावे लागले. सासरची ओळखही पुरती न झालेली ती मुलगी काय समजली असेल! याच धामधुमीत ज्ञानोबा वारले. वेणूताई आजारी पडल्या, त्यांना भेटण्यासाठी यशवंतराव फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले. या दांपत्याला पुढे अपत्य झाले नाही. ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की ज्याला मूल नाही त्याच्या मागे काय राहते, हा प्रश्न या चरित्राच्या अखेरीस येणार आहे.

१९४६ साली ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. 'कृष्णाकाठ' येथेच थांबते. पुढचा मुंबईचा काळ आणि त्यापुढचा दिल्लीचा काळ यांवर आणखी दोन भाग लिहावयाचा त्यांचा संकल्प होता. तो तडीस गेला नाही. म्हणजे आमच्या कपाटातील पुस्तक या पुरुषाच्या तेहतिसाव्या वर्षी संपते. ज्या गोष्टींसाठी देश त्यांना ओळखतो त्यांतील एकही त्यात नाही.

त्या गोष्टी थोडक्यात सांगू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर हुतात्मे पडले असता त्यांनी नेहरूंची आणि काँग्रेसची बाजू सोडली नाही, याचा राग महाराष्ट्राने दीर्घकाळ मनात ठेवला. आमच्या घरांतही त्या काळचे वडीलधारे त्यांचे नाव निघाले की मान फिरवीत. १९५७ च्या निवडणुकीत कराडने त्यांना अगदी थोड्या मतांनी तारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा वाटेवर प्रचंड निदर्शने झाली. पण द्विभाषिक टिकणारे नाही हे दिल्लीच्या गळी उतरविण्याचे काम शेवटी याच माणसाने आतून केले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. आतून केलेल्या कामाची मिरवणूक निघत नाही. म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही, आणि रस्त्यावर ज्यांनी प्राण दिले त्यांचे श्रेयही त्याने उणावत नाही.

वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांपेक्षा कमी असलेल्या घरांतील मुलांना शुल्क माफ करण्याचा निर्णय त्यांचा. महार वतने रद्द करण्याचा कायदा त्यांच्या कारकिर्दीतला. साहित्य-संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे गेले, आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईस सुरू झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षाचे. विश्वकोशाचे खंड आमच्या कपाटात नाहीत, याची खंत येथे नोंदवून ठेवतो.

मग चीनचे आक्रमण आले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलावले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली; त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आले ते पराभूत, खचलेले सैन्य आणि एकमेकांवर दोष ढकलणारे अधिकारी. नाशिकच्या मतदारांनी त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठविले. सव्वाआठ लाख सैन्याची आणि पंचेचाळीस स्क्वाड्रन वायुदलाची योजना आखली गेली. शस्त्रसाहाय्याच्या वाटाघाटींसाठी ते १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेस गेले असता नेहरूंच्या निधनाची वार्ता तेथेच त्यांना कळली.

येथे ग्रंथालयाच्या विषयाकडे वळणे प्राप्त आहे. १९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या दिवसांत यशवंतराव रोजनिशी लिहीत असत. छांब विभागात रणगाडे घुसले तेव्हा, १ सप्टेंबरच्या दुपारी, वायुदल वापरण्याची अनुज्ञा त्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता काही मिनिटांत दिली; सहा तारखेस आपल्या सेना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने गेल्या. या निर्णयांच्या भोवती कोण ठाम होते, कोण डगमगले, कोणाची झोप उडाली होती, हे सर्व त्या टिपणांत उतरले. पुढे बेचाळीस वर्षांनी, २००७ साली, त्यांचे त्या काळचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी त्या रोजनिशीवर आधारलेले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर त्या युद्धाचा इतिहास मुख्यतः सेनापतींच्या आठवणींतून सांगितला जात होता. सेनापती आपल्या पुस्तकात स्वतःस क्वचितच डगमगताना दाखवितात. एका मंत्र्याने रात्री थकून लिहिलेली पाने जपली गेली म्हणून त्या कथेला दुसरी बाजू मिळाली.

म्हैसुरात राहणाऱ्यांना हे पटवून द्यावे लागू नये. आपल्याच शहरातील प्राच्यविद्येच्या ग्रंथालयात तंजावरकडील एका पंडिताने आणून दिलेली ताडपत्रांची चळत १९०५ साली शामशास्त्र्यांच्या दृष्टीस पडली, आणि शेकडो वर्षे नावापुरतेच उरलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली जगापुढे आले. तो पंडित ती चळत घरच्या माळ्यावरच ठेवता तर?

१९६६ च्या नोव्हेंबरात यशवंतराव देशाचे गृहमंत्री झाले. याच काळात महाजन आयोगाचा अहवाल आला. सीमाप्रश्नाची चर्चा या स्मरणिकेत आम्ही करणार नाही, कन्नड शेजाऱ्यांच्या मायेत पन्नास वर्षे काढलेल्या मंडळाला ते शोभणार नाही. मात्र म्हैसूरशी निगडित असे दोन-तीन प्रसंग सांगण्याजोगे आहेत.

संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याच्या वाटाघाटी गृहमंत्री या नात्याने त्यांच्याकडे होत्या. म्हैसूरच्या महाराजांचा तनखा वर्षाला २६ लाख रुपये, म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या तनख्यांपैकी एक. दसऱ्याला जंबू सवारी पाहण्यासाठी सय्याजी राव रस्त्यावर पहाटेपासून जागा धरून बसणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांत मोठा पेच पडला असणार: एकीकडे ज्या राजवाड्याच्या छायेत धंदा केला तो राजवाडा, दुसरीकडे आपल्याच तालुक्याचा मंत्री. १९७० च्या सप्टेंबरात ते विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडले. अखेर १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे संपले. तोवर यशवंतराव अर्थमंत्री झालेले होते.

दुसरा प्रसंग बंगळूरचा. १९६९ च्या जुलैत काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले, अध्यक्ष होते आपल्या राज्याचे माजी मुख्यमंत्री निजलिंगप्पा. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून संसदीय मंडळात मतदान झाले, तेव्हा इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध यशवंतरावांनी संजीव रेड्डी यांना मत दिले. काही महिन्यांत पक्ष फुटला आणि ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. कुंपणावर बसणारा नेता, हा शिक्का त्यांच्यावर बसला तो मुख्यतः तेव्हापासून. आम्ही त्यांचे भाट नाही. तो शिक्का सर्वस्वी खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. पक्ष मोडू नये म्हणून ते अखेरपर्यंत दोन्ही दारे उघडी ठेवीत, आणि उघड्या दाराने आत येणारा वारा त्यांनाच बाधे.

आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री होते. १९७५ साली त्यांच्याच कराडला मराठी साहित्य संमेलन भरले, स्वागताध्यक्ष तेच. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा निर्भयपणे निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करविली. यजमान मंत्रिमंडळात, पाहुणी त्या मंत्रिमंडळाच्या विरोधात, आणि दोघांच्याही मधे मराठी भाषा. त्या दिवशी घरी परतल्यावर या वाचनप्रिय माणसाच्या मनात काय आले असेल? दिल्लीच्या काळावरचा भाग त्यांनी लिहिला असता तर कदाचित ते कळले असते.

१९७७ नंतर ते लोकसभेत विरोधी पक्षनेते होते, १९७९ साली चरणसिंगांच्या अल्पजीवी सरकारात उपपंतप्रधान. या पडझडीच्या काळात ज्या काँग्रेसमध्ये ते राहिले तिचे अध्यक्ष होते आपल्या हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळीचे देवराज अर्स. १९८० च्या लाटेत अर्स काँग्रेसच्या वतीने यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले. महाराष्ट्रात त्या पक्षाला दुसरी जागा मिळाली नाही. आमच्या मंडळाच्या आरंभीच्या काळात म्हैसूरचा नेता आणि साताऱ्याचा नेता एका झेंड्याखाली होते, हे आजच्या तरुण सभासदांना ठाऊक नसते. पुढे १९८१ साली यशवंतराव इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. तेथे त्यांना सत्तेचे स्थान मिळाले नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. चारही मोठी खाती सांभाळलेला माणूस राज्याराज्यांत करांची वाटणी कशी व्हावी याचे कोष्टक मांडत बसला, आणि ते काम त्याने १९८४ साली वेळेत पुरे करून दिले. सक्रिय राजकारणातून निवृत्त होणे यालाच म्हणावयाचे.

निवृत्तीसाठी म्हणून कराडला 'विरंगुळा' नावाचे घर होते. दोघांनी तेथे म्हातारपण काढावे, कृष्णेकडे पाहत पुस्तके वाचावी, असा बेत असावा. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. एकेचाळीस वर्षांच्या सहजीवनात या बाई कधी व्यासपीठावर आल्या नाहीत. परदेशातून यशवंतराव त्यांना सविस्तर पत्रे लिहीत: पाहिलेली शहरे, भेटलेली माणसे, बागा, संग्रहालये, कधी वाटाघाटींत आलेला वीट. ती पत्रे वेणूताईंनी जपून ठेवली. पुढे प्रसिद्ध झालेल्या 'विदेश-दर्शन' या पुस्तकात ती वाचावयास मिळतात. परराष्ट्र खात्याच्या दप्तरात त्या दौऱ्यांची टाचणे असतीलच, पण दौऱ्यावरचा माणूस वेणूताईंच्या पेटीतच सापडतो.

पत्नीच्या मागे यशवंतराव दीड वर्ष जगले. त्या दीड वर्षात त्यांनी दोन गोष्टी केल्या. 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध केले, आणि कराडला वेणूताईंच्या नावाने सार्वजनिक विश्वस्त संस्था व स्मारक व्हावे, आपला ग्रंथसंग्रह तेथे राहावा, अशी व्यवस्था लावली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. समाधीही तेथेच आहे. इतकी वर्षे सत्तेत वावरलेल्या माणसाने मागे काय ठेवले याचा हिशेब लोकांनी केला तेव्हा पुस्तके हीच मुख्य मिळकत निघाली.

गावी जाता-येता आमच्यापैकी अनेकजण कराडला उतरतात. समाधीवर फूल वाहून बहुतेक लोक परत फिरतात. आमची विनंती आहे की थोडा वेळ काढून वेणूताई चव्हाण स्मारकात जावे. भारावून टाकणारी ती वास्तू नव्हे. तेथे एका माणसाने आयुष्यभर जमविलेले ग्रंथ आहेत, मराठी आणि इंग्रजी, राज्यशास्त्राशेजारी कविता, चरित्राशेजारी कादंबरी. मंत्र्यांना भेटीदाखल पुस्तके पुष्कळ येतात, ती कपाटात शोभतात. येथे बरीच पुस्तके वाचून मऊ झालेली दिसतात. 'विरंगुळा'ही पाहावयास मिळतो. देवराष्ट्र्याचे जन्मघर जतन केलेले आहे. मुंबईस मंत्रालयाजवळ १९८५ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आहे, तेथेही मोठे ग्रंथालय चालते, आणि त्यांची भाषणे, लेख, पत्रे एकत्र करून ती सर्वांना वाचावयास खुली करण्याचे काम तेथे झाले आहे. 'सह्याद्रीचे वारे', 'युगांतर', 'ऋणानुबंध' ही त्यांची पुस्तके म्हैसुरात बसून वाचता येतील अशी सोय आता आहे. आमच्या लहानपणी ती नव्हती.

तरीही स्मारकातून बाहेर पडताना मनात एक रुखरुख राहते. रोजनिशी जपली गेली म्हणून १९६५ कळले. पत्रे जपली गेली म्हणून पती कळला. पण बंगळूरच्या त्या मतदानाविषयी, आणीबाणीतील मौनाविषयी, १९७९ च्या गोंधळाविषयी त्यांचे स्वतःचे सविस्तर निवेदन आपल्यापाशी नाही. विरोधकांनी लिहिले, चाहत्यांनी लिहिले, ज्यांना त्यांनी घडविले त्यांनी लिहिले. सत्तर वर्षांच्या उंबरठ्यावर ते लिहावयास बसले, आणि बालपणापासून सुरुवात केली. आईचे, भावांचे, येरवड्याचे ऋण आधी फेडावे असे त्यांना वाटले असेल. राजकारणाच्या अभ्यासकाची त्यात हानी झाली. मराठी वाचकाला मात्र एक सुंदर पुस्तक मिळाले. दोहोंतील तोटा मोठा की लाभ मोठा, यावर आमच्या संपादक मंडळात दोन संध्याकाळी वाद झाला आणि एकमत झाले नाही.

इतके खरे की तो वाद करता आला तो कपाटात पुस्तक होते म्हणून. मंडळाच्या पहिल्या वर्षांविषयी वाद करावयास आमच्यापाशी वाळवीने सोडलेला पुठ्ठा आहे. कार्यकारिणीने म्हणून असे ठरविले आहे की ज्या घरांत पहिल्या पिढीची पत्रे, गावाकडून आलेली मनीऑर्डरीची कुपने, पेढीच्या जुन्या चोपड्या, गणेशोत्सवाची छायाचित्रे असतील त्यांनी ती मंडळाकडे आणून दाखवावीत. मूळ वस्तू घरीच राहील, प्रत मंडळात राहील. दोघा-तिघा वयोवृद्धांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या आठवणीही जशाच्या तशा लिहून घेण्यास आरंभ झाला आहे, कोणाचीही दुरुस्त न करता. लाकडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले असून खाली दगडी फरशीचे तुकडे दिले आहेत. 'कृष्णाकाठ'ची प्रत पुन्हा बांधून आणली आहे. ती हवी असल्यास रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात यावे. नोंदवहीत नाव लिहून पुस्तक पंधरा दिवसांसाठी घरी नेता येईल.